पाण्याची वेळ

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. देवळामागच्या टेकडीवरून निघालेली वाट दोन कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राच्या खडकांवर येते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. खारा वारा आणि लाटा यांनी तिथला कातळ असा पोखरला आहे की त्याला जागोजाग जाळी पडली आहे. या खडकांवरून डोंगराला वळसा घालून पुन्हा देवळाशी यायचं. भरतीच्या वेळी हीच वाट पाण्याखाली जाते. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत, आणि तशा सूचनांचे फलकही लावलेले आहेत.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही 2018 च्या मार्चमध्ये आईला तिथे घेऊन जाताना मी कागदावर लिहिलं होतं, ‘दुपारी 12 ते 1, प्रदक्षिणा’. माझ्या नोकरीत वेळापत्रकं आखण्याचं काम बरंच होतं आणि ते मला चांगलं जमायचं. घरच्या सहलींचंही मीच ठरवायची. कुठून किती किलोमीटर, चहाला कुठे थांबायचं, कोणत्या वेळी कोणतं देऊळ, सगळं एका पानावर. समुद्राला स्वतःची वेळ असते, ही गोष्ट त्या पानावर कुठेच नव्हती.

आईचं माहेर केळशी. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून बाणकोटपाशी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या अलीकडे हरिहरेश्वर आणि पलीकडे बाणकोट, वेळास, केळशी. आज बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट जाते, गाडीसकट माणसं पलीकडे उतरतात. आईच्या लहानपणी छोट्या होडीतून, तरीतून, खाडी ओलांडावी लागे. आजोबांचं बोट धरून ती एकदा हरिहरेश्वरला आली होती. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं, आणि नंतर प्रदक्षिणा. हा क्रम तिला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही पाठ होता. लग्न होऊन ती पुण्यात आली ती पुण्याचीच झाली. ‘एकदा ती प्रदक्षिणा पुन्हा करायची आहे,’ एवढं ती अधूनमधून म्हणायची. त्यात आग्रह नसायचा, म्हणून आम्ही ते पुढे ढकलत राहिलो.

त्या वर्षी धुळवड शुक्रवारी आली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी. मी आईला फोन करून तारीख सांगितली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी पाणी वर असेल गं. एकतर सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी जावं लागेल.”

मी म्हटलं, “बघू गं आई. मी सगळं नीट लावलंय.”

सगळी चूक या वाक्यात आहे. तिने मला नेमकी तीच गोष्ट सांगितली होती जी मला हवी होती, आणि मी ती ऐकून सोडून दिली. कारण तेव्हाही मला कळत होतं, पण मान्य नव्हतं. पन्नासहून अधिक वर्षं पुण्यात काढलेल्या बाईचं समुद्राचं ज्ञान मला जुन्या आठवणींपैकी एक वाटलं. मायेने ऐकावं, पण त्यावरून गाडी किती वाजता काढायची ते ठरवू नये, असं.

तिचा हिशेब अगदी सोपा होता. किनाऱ्यावरच्या माणसांना तो शिकवावा लागत नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळाच्या काट्यावर हे बरोबर येत नाही, थोडं पुढेमागे होतं, पण आपल्या किनाऱ्यावर अंदाजाला पुरतं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

हे समजल्यावर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती कुणी मोठ्याने सांगताना मी फारशी ऐकलेली नाही. आपल्या बऱ्याच सुट्ट्या नेमक्या उधाणावर येतात. धुळवड पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज त्याच्या पुढच्या. बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती या तर पौर्णिमाच. शहरातला माणूस पहाटे निघतो, दुपारी किनाऱ्यावर पोचतो, आणि त्याच वेळी तिथे पाणी सर्वांत वर असतं. जेवून, झोपून, पाच-सहा वाजता तो पुन्हा किनाऱ्यावर येतो तेव्हा समुद्र लांब गेलेला असतो. रुंद, घट्ट वाळू दिसते आणि लोक त्यावर गाड्या उतरवतात. चाक रुतलं तर काढता काढता अंधार होतो, आणि अंधारात पाणी परत यायला लागलेलं असतं. गावातली माणसं आधीच ‘नेऊ नका’ म्हणून सांगत असतात. त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही, जसं मी आईचं घेतलं नाही.

दुसरी चूक पहिलीहून वाईट होती. ती माणसाच्या बाबतीत होती.

हरिहरेश्वरला देवळापासून चालत काही मिनिटांवर एक घर आहे. मागे पोफळीची वाडी, पुढे पडवी, पाहुण्यांसाठी बाजूला बांधलेल्या दोन खोल्या. घरातल्या काकू स्वतः स्वयंपाक करतात. एका मैत्रिणीने नंबर दिला होता. मी बोलले तेव्हा काकूंनी पहिल्यांदा खोलीचं नाही, जेवणाचं विचारलं. “किती पानं धरू?” मी सात सांगितली. मोदक हवेत का, म्हणाल्या, म्हणजे तांदूळ धुऊन वाळवून पिठी ताजी करता येईल. आईला उकडीचे मोदक आवडतात, मी हो म्हटलं. आगाऊ पैसे किती पाठवू विचारलं तर म्हणाल्या, “आल्यावर द्या.”

किनाऱ्यावरच्या या घरगुती सोयीची रीत अशी आहे की सगळं बोलण्यावर चालतं. पानं मोजून नारळ फुटतात, मोजून भाजी येते. आयत्या वेळी चार माणसं वाढली तर ओढाताण होते, आणि चार कमी झाली तर केलेलं अन्न उरतं. सुट्टीच्या दिवसांत खोली एकाला शब्द देऊन ठेवली की बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. हॉटेलचं गणित वेगळं असतं. तिथे एक खोली रिकामी राहिली तर कुणाच्या घरातलं काही अडत नाही.

निघायच्या आठवड्यात भाच्याने दिवेआगरच्या एका रिसॉर्टचे फोटो पाठवले. वातानुकूलित खोल्या, समोर किनारा, मुलांना खेळायला जागा. सगळ्यांना ते आवडलं, मलाही. मी पैसे भरून टाकले. काकूंना फोन करून सांगायचं, हे मनात होतं. आज करू, उद्या करू असं झालं. नाही म्हणायला अवघड वाटत होतं म्हणून टाळत गेले, आणि टाळता टाळता विसरले. दिवेआगरला पैसे दिले होते म्हणून ते ठरलेलं वाटत होतं. इकडे फक्त शब्द दिला होता, आणि शब्द माझ्या हिशेबात धरलाच गेला नाही.

धुळवडीच्या सकाळी निघायला आठ वाजले. मुळशी, ताम्हिणी करत घाट उतरलो तोवर ठीक होतं. माणगावला महामार्गावर अडकलो. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून येणारा आणि पुण्याहून उतरणारा लोंढा तिथे एकत्र येतो, आणि बाजारपेठेतून गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. हेही मला माहीत असायला हवं होतं. पुढे म्हसळा करून हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

दर्शन झालं, क्रमाने. आई देवळामागे गेली. लाटा खडकांवर फुटत होत्या, वाटेचा मागमूस नव्हता. नारळ-फुलं विकणारा एक जण म्हणाला, “आता नाही. पाणी भरलंय. चारच्या पुढे उतरू लागेल, पाचला या, आरामात होईल.” आई माझ्याकडे वळून म्हणाली, “थांबू या ना. पाचच वाजायचे आहेत.”

थांबता आलं असतं. दिवेआगर तिथून तासाभरावर आहे. मुलं वाळूत रमली असती, आम्ही जेवून सावलीत बसलो असतो. मी हो म्हणण्याच्या बेतात होते, आणि तेवढ्यात फोन वाजला.

काकूंचा होता. “पानं घ्यायची आहेत. मोदक उकडायला ठेवू का? किती वेळ लागेल यायला?”

मी देवळाच्या आवारात उभी होते. घंटा वाजत होती, ती त्यांना फोनवर ऐकू जाईल या भीतीने मी फोन हाताने झाकला. आणि सांगितलं, “काकू, आमची गाडी घाटातच बिघडली हो. आज येणं होईलसं वाटत नाही.”

त्या म्हणाल्या, “अगं बाई! उन्हात आहात का? बरोबर लहान मुलं, म्हातारं माणूस असेल. माणगावात ओळखीचे गॅरेजवाले आहेत, नंबर देते, माझं नाव सांगा.” त्यांनी नंबर सांगितला. मी तो लिहून घेतल्यासारखं केलं.

आई शेजारीच होती. तिने सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही.

त्यानंतर हरिहरेश्वरला थांबणं शक्यच नव्हतं. गाव लहान आहे. खानावळीत बसलो असतो तर कुणीतरी कुठून आलात, कुणाकडे उतरलात विचारलं असतं. मी सगळ्यांना घाईने गाडीत बसवलं. मुलांना भूक लागली होती, त्यांना श्रीवर्धनला जेवू म्हणून गप्प केलं. आईला म्हटलं, “परतताना करू प्रदक्षिणा.” परतताना रविवारी पुन्हा दुपारच झाली, आणि रहदारीच्या धास्तीने आम्ही हरिहरेश्वरला न वळता सरळ म्हसळ्याकडे निघालो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर समुद्र खूप आत गेला होता. सगळे पाण्याकडे चालत निघाले. आई सुरूच्या झाडांपाशी खुर्चीत बसली होती. मी तिच्यासाठी शहाळं घेऊन आले. ती म्हणाली, “आता तिकडे वाट मोकळी असेल.” आणि थोड्या वेळाने, “तू तिला खोटं का सांगितलंस? नाही येत म्हणून सांगितलं असतंस तर तिनं मोदक तरी केले नसते.”

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. ‘विसरले’ हे खरं असूनही पुरेसं नाही. काकू रागावल्या असत्या, मला चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच टाळण्यासाठी मी खोटं बोलले. आणि त्या एका खोट्यापायी आईची वाट बंद झाली. पाण्यामुळे नाही. पाणी तर पाचला उतरणारच होतं.

त्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, ती पुन्हा चालू लागली, पण वॉकर घेऊन. खडकांत उतरणाऱ्या पायऱ्या आता तिला शक्य नाहीत. हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मी काकूंना फोन केला. नाव सांगितल्यावर त्यांच्या लगेच लक्षात आलं. “सात पानं. गाडी बिघडली होती ना तुमची?” मी म्हटलं, गाडी बिघडली नव्हती, येऊन सांगते. या वेळी तारीख ठरवण्याआधी आईला विचारलं. तिने कालनिर्णय पाहून पंचमी सांगितली. पंचमीला पहाटे चारच्या आगेमागे भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी. उन्हं तापायच्या आत, आणि उजेडात.

पडवीत बसून मी त्यांना झालं ते सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, त्या दिवशी मोदक शेजारीपाजारी दिले, वाडीत काम करणाऱ्या माणसांना जेवायला बसवलं. खोली मात्र तीन दिवस रिकामी गेली, आणि दोन कुटुंबांना त्यांनी आधीच नाही म्हटलं होतं. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, झालं तसं सांगितलं. मी पैसे पुढे केले. त्यांनी जेवणाचे घेतले. खोलीचे परत केले. “सामान आणलं होतं, त्याचे घेते. खोलीला काही खर्च आला नव्हता.”

खर्च आला होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सकाळी आई म्हणाली, “तू जाऊन ये. माझी राहिलीच आहे, तुझी तरी होऊ दे.” मला एकटीने जायचं नव्हतं. तिने दोनदा सांगितलं तेव्हा गेले. कातळाच्या त्या जाळीत पाणी साठून राहिलं होतं, त्यात इवले खेकडे होते. खडक निसरडे होते, भाविकांची फारशी गर्दी नव्हती. परत आले तेव्हा आई आणि काकू सुपारीवर बोलत होत्या. श्रीवर्धनचा रोठा आणि केळशीची सुपारी यात काय फरक, यावर. आईने मला एवढंच विचारलं, “फटीत उतरताना डोकं वाकवावं लागतं का अजून?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग मला अरुंद वाटत होती ती फट, लहानपणी.”

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, सगळीकडे माड आणि पोफळी आडव्या झाल्या. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. बऱ्याच दिवसांनी काकूंशी बोलणं झालं. घरावरची कौलं उडाली होती आणि वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं गेली होती. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर चालवायला पाहुण्यांच्या खोल्याच होत्या, आणि त्या वर्षी टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते. मी फोन ठेवल्यावर ती 2018 ची रिकामी खोली मला पुन्हा आठवली. सुपारीचं उत्पन्न असताना तो तीन दिवसांचा तोटा होता. सुपारी नसती तर त्याचा अर्थ काय झाला असता, ते मला तेव्हा समजलं.

सहलीचं पान मी अजूनही करते, पण आता त्याच्या पहिल्या ओळीत तिथी असते, दुसऱ्या ओळीत भरती-ओहोटीची वेळ, आणि मग आमच्या सोयीच्या गोष्टी. घाटातून उतरायला पहाटे साडेपाच ही वेळ ठरलेली. पावसाळ्यात किनारा नाही. एका वेळी एकच गाव. हरिहरेश्वरला जायचं तर दिवेआगर त्यात कोंबायचं नाही, वेळासची कासवं तर नाहीच. ती पिल्लं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला घरट्यातून बाहेर येतात ती त्यांच्या वेळेला. सकाळी एखादं घरटं फुटेल, एखाद्या दिवशी एकही नाही. मुलांना तसं आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणि बेत बदलला की फोन. त्याच तासाला, मग समोरून काहीही ऐकावं लागो. गेल्या वर्षी भावाला ताप आला तेव्हा मी आदल्या रात्री काकूंना कळवलं. नारळ फोडून झाले होते. त्या थोड्या नाराज झाल्या, तसं बोलल्याही. मी ऐकून घेतलं, पैसे पाठवले, आणि पुढची तारीख विचारली. त्या म्हणाल्या, “पंचमी धरा की. तुमच्या आईंना विचारा आधी.”